पाहुण्याला कोळसा खाणीत नेताना

नागपूर जिल्ह्यातील सावनेरची भूमिगत खाण आणि गोंडेगावची खुली खाण सर्वसामान्य माणसाला पाहता यावी, यासाठी नागपुरातील सरकारी कोळसा कंपनी वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ यांनी २०१६ मध्ये संयुक्त योजना आखली. या योजनेकडे बहुतेकांनी पर्यटनातील एक नवलाई म्हणून पाहिले, पण तिने उभा केलेला प्रश्न पर्यटनापुरता नाही. कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूर येथील वीजकेंद्रे ज्या कोळशावर चालतात तो कसा निघतो, हे ती वीज वापरणाऱ्याने एकदा तरी डोळ्यांनी पाहावे, ही अपेक्षा रास्त आहे. आणि ज्यांच्या घरांच्या भिंती सुरुंगाच्या धक्क्याने हादरतात, ज्यांच्या शेताच्या बांधालगत मातीचे डोंगर उभे राहतात, त्या गावकऱ्यांना तर खाण आतून पाहण्याचा हक्कच असायला हवा. त्यामुळे खाणीची दारे बाहेरच्या माणसासाठी बंदच ठेवावीत, असे म्हणणाऱ्यांत मी नाही. मात्र ती कोणत्या अटीवर उघडावीत, याविषयी स्पष्ट बोलण्याची गरज आहे.

खाण पाहायला येणाऱ्याला साधारणपणे दोन प्रकारची माहिती मिळते. एक असते उत्पादनाची: खाण कधी सुरू झाली, किती टन कोळसा निघतो, किती माणसे कामावर आहेत, यंत्रे कोणती आहेत. दुसरी असते सूचनांची: हेल्मेट घाला, बूट घाला, मोबाइल बाहेर ठेवा, विडी-काडी जवळ बाळगू नका, गट सोडून जाऊ नका. पहिली माहिती अभिमानाने सांगितली जाते, दुसरी घाईने उरकली जाते, आणि या दोहोंचा एकमेकींशी काही संबंध आहे हे ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. वस्तुतः खाणीतला प्रत्येक नियम खाणीच्या चालण्यातून निघालेला असतो. ती खाण कशी चालते हे सांगितल्याशिवाय नियम सांगणे म्हणजे पाहुण्याला आज्ञाधारक बनवणे. त्याला सुरक्षित करणे नव्हे. माझे म्हणणे एवढेच आहे की नियम आणि त्यामागचे कारण एकाच वेळी, एकाच माणसाने, त्याच खाणीच्या संदर्भात सांगितले पाहिजे. आणि ज्या पाहुण्याला ते नियम लागू करण्याची व्यवस्थापनाची तयारी नसेल, त्याला आत नेऊच नये.

मोबाइलचेच उदाहरण घ्या. खाणीत उतरण्याआधी दिवे घ्यायच्या खोलीत, म्हणजे लॅम्प रूममध्ये, मोबाइल जमा करायला सांगितले की बऱ्याच जणांना वाटते, आतले फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून ही बंदी असेल. आणि असा समज झाला की एखादा फोन खिशात तसाच राहतो. खरे कारण मिथेन आहे. कोळशाच्या थरातून हा वायू सतत पाझरत असतो, हवेत त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असताना एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो, आणि हवेपेक्षा हलका असल्यामुळे तो छताशी, कोपऱ्यात, हवा पोचत नाही अशा खोबणीत साचतो. म्हणूनच भूमिगत खाणीत वापरायची विजेची उपकरणे ठिणगीने वायू पेटणार नाही अशा बनावटीची असावी लागतात. खिशातला साधा मोबाइल, कॅमेऱ्याचा फ्लॅश किंवा बॅटरीवर चालणारे घड्याळ तशा बनावटीचे नसते. वायूचे प्रमाण १.२५ टक्क्यांवर गेले की त्या भागाचा वीजपुरवठा तोडण्याचे बंधन खाणीवर असते, म्हणजे धोक्याच्या पातळीच्या बऱ्याच अलीकडे. उत्पादन थांबवून यंत्रे बंद करणारी ही शिस्त ज्याला कळली, तो खिशात फोन लपवून नेणार नाही.

येथे आणखी एक गोष्ट पाहुण्याला सांगितली पाहिजे, जी सहसा सांगितली जात नाही. आपल्या कोळसा खाण नियमावलीत कोळशाच्या थरांचे वायूच्या प्रमाणानुसार तीन वर्ग केलेले आहेत. पहिल्या वर्गात हवेतील ज्वलनशील वायू ०.१ टक्क्याच्या वर नसतो आणि दर टन कोळशामागे एक घनमीटरपेक्षा जास्त वायू सुटत नाही. तिसऱ्या वर्गात तो दर टनामागे दहा घनमीटरांहून अधिक सुटतो. पण वायुविरहित असा चौथा वर्ग त्यात नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आपल्याकडे वायूचा धोका नसलेली कोळसा खाण अस्तित्वातच नाही. ‘आमच्या खाणीत गॅस नाही’ असे पाहुण्यांना दिलासा म्हणून कोणी सांगत असेल, तर तो दिलासा नियमाशी विसंगत आहे. त्याऐवजी ‘आमची खाण अमुक वर्गातली आहे, आज सकाळच्या पाळीत ओव्हरमनने (पाळीवर देखरेख करणाऱ्याने) इतके प्रमाण नोंदवले आहे’ असे सांगणे अधिक प्रामाणिक, आणि माझ्या मते अधिक धीर देणारेही ठरेल.

कारण न सांगण्याचा सर्वांत मोठा धोका कमरेला बांधायच्या सेल्फ रेस्क्यूअरच्या बाबतीत आहे. आग किंवा स्फोट झाल्यावर खाणीत कार्बन मोनॉक्साइड पसरतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या तुलनेत दोनशेहून अधिक पटींनी सहज जोडला जातो. अशा हवेतून बाहेर पडेपर्यंत श्वास घेता यावा यासाठी हे साधन असते. त्याचा गाळणीचा प्रकार विषारी वायूचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये करतो, पण ऑक्सिजन निर्माण करीत नाही. दुसऱ्या प्रकारात श्वासापुरता ऑक्सिजन साधनातच तयार होतो. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे: आत येणारी हवा गरम आणि कोरडी लागते, आणि विषारी वायू जास्त असेल तर गाळणीतली हवा आणखी तापते. म्हणजे तोंड पोळू लागले याचा अर्थ साधन काम करीत आहे, असा असतो. ज्याला हे आधी सांगितलेले नाही, तो माणूस साधन बिघडले असे समजून तोंडातला तुकडा काढून टाकील, आणि तोही नेमक्या ज्या क्षणी ते काढायचे नसते त्या क्षणी. खाणीत उतरणाऱ्या कामगाराला हे शिकवले जाते, कारण १९६६ च्या व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनुसार कामावर पाठवण्याआधी त्याचे प्रशिक्षण व्हावे लागते. पाहुण्याच्या कमरेला मात्र तेच साधन पट्ट्यासारखे बांधले जाते आणि ते उघडून दाखवण्याची तसदीही अनेकदा घेतली जात नाही. सरावाचा एक संच वापरून प्रत्येकाकडून ते एकदा तोंडात धरवून घ्यायला फार वेळ लागत नाही. तेवढा वेळ ज्यांच्याकडे नाही, त्यांनी वरूनच परत जावे.

वायुवीजनाच्या दारांचेही असेच आहे. भूमिगत खाणीत ताजी हवा एका वाटेने आत येते, कामाच्या जागेवरून फिरते आणि दुसऱ्या वाटेने मोठ्या पंख्याच्या ओढीने बाहेर जाते. आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा जिथे जवळजवळ येतात, तिथे एकामागे एक अशी दोन दारे असतात, आणि एक लागल्याशिवाय दुसरे उघडायचे नसते. दोन्ही एकदम उघडली तर हवा आडवाटेने निसटते आणि पुढे जिथे माणसे काम करीत आहेत तिथे ती कमी पडते. नियमावली दर मिनिटाला सर्वांत मोठ्या पाळीतील प्रत्येक माणसामागे ६ घनमीटर किंवा रोजच्या उत्पादनाच्या प्रत्येक टनामागे २.५ घनमीटर, यांपैकी जे जास्त असेल तेवढी हवा मागते; ऑक्सिजन १९ टक्क्यांखाली जाऊ नये, असेही सांगते. वीस जणांचा गट एका दारातून रमतगमत जाताना, मागचा पुढच्यासाठी दार धरून उभा राहिला, तर सौजन्य म्हणून केलेली ती कृती अंतर्भागात काम करणाऱ्या माणसाच्या श्वासावर परिणाम करू शकते. पाहुणा फक्त स्वतःला धोक्यात घालत नाही, ही गोष्ट याहून सोप्या रीतीने समजावता येणार नाही.

हॉलेजच्या, म्हणजे कोळशाचे डबे दोराने ओढले जातात त्या, रस्त्यावर दोर चालू असताना चालायचे नाही, गरज पडल्यास बाजूच्या मॅनहोलमध्ये, म्हणजे भिंतीत आडोशासाठी कोरलेल्या कोनाड्यात, उभे राहायचे. छताला काठी किंवा हात लावून पाहायचे नाही. ज्या भागातला कोळसा काढून झाला आहे त्या गोफच्या तोंडाशी जायचे नाही, कारण खांब काढून घेतल्यावर तिथले छत आज ना उद्या बसणार हे गृहीतच धरलेले असते. या नियमांची कारणे त्या त्या जागी उभे राहून दोन वाक्यांत सांगता येतात, म्हणून त्यांवर अधिक लिहीत नाही.

पाण्याचा धोका मात्र वेगळ्या प्रकारचा आहे, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातील न्यूटन चिखली खाणीत पाणी शिरून ६३ माणसे मेली. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होती, आणि पेंच खोऱ्यातील तो खाणपट्टा आज नागपुरातून चालणाऱ्या कंपनीच्याच कार्यक्षेत्रात येतो. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत वरच्या भागात साठलेले पाणी फुटून खाली आले आणि ३७५ जणांचा बळी गेला. डिसेंबर २०१८ मध्ये मेघालयातील कसान येथे बेकायदा खाणीत पंधरा मजूर पाण्याखाली अडकले, आणि तिथे तर नकाशाच नव्हता. जुन्या, पाणी भरलेल्या खोदकामापासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय काम करता येत नाही, पुढे सरकताना आधी लांब भोके पाडून पाण्याचा अंदाज घ्यावा लागतो, हे नियम अशा मृत्यूंच्या अनुभवावर उभे आहेत. पाहुण्याला यात करण्यासारखे काही नाही, असा आक्षेप घेतला जाईल. पण खाणीच्या नकाशापुढे उभे करून जुने खोदकाम कुठे आहे, आपण कुठवर जाणार आहोत, बाहेर पडण्याच्या दोन वाटा कोणत्या, हे त्याला दाखवता येते. गटातला एक तरी माणूस विचारील की हा नकाशा शेवटचा कधी अद्ययावत केला, आणि तो प्रश्न विचारला जाणे खाणीच्या हिताचेच आहे. जनतेला आत नेण्याचा खरा लाभ मला यातच दिसतो.

खुल्या खाणीत ही सगळी काळजी सैल पडते, कारण वर आकाश असते. हा भ्रम घातक आहे. शंभर टनी डंपरचे नुसते चाकच माणसाच्या उंचीपेक्षा मोठे असते, आणि उंच केबिनमध्ये एका बाजूला बसलेल्या चालकाला समोरची व दुसऱ्या बाजूची बरीच जागा दिसतच नाही. जवळ उभी असलेली जीप त्या आंधळ्या टापूत पूर्णपणे हरवू शकते. म्हणून पाहुण्यांच्या गाडीवर उंच काठीला झेंडा लागतो, म्हणून ती डंपरांच्या रस्त्यावर, म्हणजे हॉल रोडवर, मध्येच थांबवायची नसते, म्हणून चकाकणारे जाकीट सावलीतही काढायचे नसते. सुरुंग उडवताना ५०० मीटरचा परिसर धोक्याचा मानला जातो, आणि भोंगा वाजल्यावर पाहुण्यांना बाहेर काढण्याची धावपळ करण्यापेक्षा त्या वेळी कोणालाच आत न ठेवणे शहाणपणाचे असते. वर्धा खोऱ्यातील कोळसा उघडा पडल्यावर आपोआप तापण्याकडे कल असलेला आहे. बेंचच्या, म्हणजे खोदकामातल्या पायरीच्या, भेगेतून निघणारा धूर म्हणजे धूळ नव्हे, आणि त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढायचा नसतो. शिवाय मातीचे ढिगारे आणि उभे कडे घसरतात. २९ डिसेंबर २०१६ च्या रात्री झारखंडमधील लालमटिया येथील राजमहल खुल्या खाणीत असाच भाग कोसळून २३ जण गाडले गेले. त्यामुळे पावसाळ्यात पाहुण्यांना खाण पाहण्यासाठीच्या ठरावीक सज्जाच्या खाली नेऊ नये, हा नियम प्रत्येक खुल्या खाणीला लागू व्हावा, असे माझे मत आहे.

एवढा धोका आहे, तर पाहुण्यांना खऱ्या खाणीऐवजी जमिनीवर उभारलेल्या नमुना बोगद्यात का नेऊ नये, असे कोणी म्हणेल. सावनेरच्या उद्यानात तसा नमुना आहेही, आणि शाळकरी मुलांसाठी तोच मार्ग योग्य आहे. खाण अधिनियमाने १८ वर्षांखालील व्यक्तीला खाणीत कामावर ठेवण्यास मनाई केली, एवढेच नव्हे तर खाणीचे काम चालू असलेल्या जमिनीवरील भागातही तिने हजर असू नये अशी तरतूद केली. शाळांच्या सहली चालू खाणीत नेण्याचा मोह ज्यांना होतो त्यांनी ही तरतूद वाचावी. पण प्रौढ नागरिकासाठी नमुना पुरेसा नाही. नमुन्यात छत बसत नाही, हवा कमी पडत नाही, आणि म्हणून नियमांनाही तिथे वजन नसते. तिथून परतणारा माणूस खाणीविषयी जिव्हाळा घेऊन येईल, समज घेऊन येणार नाही.

या बाबतीत वेल्समधील ब्लेनाव्हनच्या ‘बिग पिट’चा दाखला उपयोगी आहे. १९८० मध्ये ही खाण उत्पादनातून बंद झाली आणि १९८३ मध्ये संग्रहालय म्हणून खुली झाली. तिथून आता कोळसा निघत नाही. तरीही सुमारे ९० मीटर खाली उतरण्याआधी पाहुण्याकडून मोबाइल, बॅटरीची घड्याळे, काडेपेट्या काढून घेतल्या जातात, त्याला हेल्मेट, दिवा, पट्टा आणि बचावसंच दिला जातो, आणि खाण-निरीक्षणाचे नियम तिथे लागू राहतात. सोबत घेऊन जाणारे पूर्वी खाणीत काम केलेले लोक असतात, हे त्यातले सर्वांत महत्त्वाचे. आपल्याकडेही हे काम जनसंपर्क विभागाकडे किंवा फाटकावरच्या रक्षकाकडे न देता अनुभवी ओव्हरमन किंवा मायनिंग सरदारांकडे (खाणीतल्या सुरक्षेची तपासणी करणाऱ्या मुकादमांकडे), विशेषतः निवृत्तांकडे, मानधन देऊन सोपवावे. ज्याने छताचा आवाज ऐकून माणसे मागे घेतली आहेत, त्याच्या तोंडचा नियम वेगळा ऐकू येतो.

आता सूट देण्याविषयी. सर्वसामान्य पाहुण्याला लावले जाणारे नियम बड्या पाहुण्यापुढे वाकतात, हे खाणपट्ट्यात सर्वांना ठाऊक आहे. सोबतचे अधिकारी, अंगरक्षक आणि छायाचित्रकार यांची नोंद न होता ते आत जातात. चपला चालवून घेतल्या जातात. फोन जमा करा असे म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही. यात अपमानाचा प्रश्न दुय्यम आहे. भूगर्भात कोणत्या क्षणी कोण आहे याची नोंद ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि बचावपथक त्या नोंदीवरच कामाला लागते. नोंदीबाहेरची तीन माणसे असतील तर ती कोणी शोधायचीच नाहीत, असा त्याचा अर्थ होतो. त्याशिवाय ज्या कामगाराची तंबाखूच्या पुडीसाठी झडती झाली, तो साहेबांच्या गटातील फोन पाहत असतो, आणि पुढच्या झडतीचा मान त्या दिवशीच कमी झालेला असतो.

जबाबदारीची बाजूही आज अर्धवट आहे. १९५२ चा खाण अधिनियम मुळात कामगार आणि त्याची सुरक्षितता यांसाठी होता; २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत जे तेरा कायदे एकत्र करण्यात आले त्यांत तोही आहे, आणि तिचा रोखही कामावर असलेल्या माणसावरच आहे. कामगाराला अपघातात भरपाईचा कायदेशीर आधार आहे. पाहुण्याकडून मात्र बहुधा हमीपत्रावर सही घेतली जाते की जे होईल ते माझ्या जबाबदारीवर. ज्या धोक्याचे स्वरूप समजावून सांगितलेले नाही, त्याची जबाबदारी सहीने त्याच्याकडे जाते असे मानणे नैतिकदृष्ट्या तरी टिकणारे नाही. धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाने नियमावलीत पाहुण्यांसाठी स्वतंत्र, बंधनकारक प्रकरण तयार करावे: गटाचा आकार हवेच्या हिशेबाने नव्हे, कारण पाच-दहा माणसांनी तो सहसा बिघडत नाही, तर उपलब्ध बचावसंच आणि बाहेर काढू शकणाऱ्या अनुभवी माणसांच्या संख्येने ठरावा, विम्याचा खर्च तिकिटातच असावा, आणि खाणीचा वायूवर्ग, वायुवीजनाचा आराखडा, बाहेर पडण्याच्या वाटा व अलीकडच्या अपघातांची माहिती मराठीत आणि हिंदीत लेखी मिळावी.

या प्रकरणात एक आर्थिक कलमही हवे. त्या दिवशी वायूचे प्रमाण वाढलेले असेल, पंखा दुरुस्तीसाठी थांबलेला असेल किंवा रात्रभर पाऊस पडून कडे ओले असतील, तर भेट रद्द करण्याचा अंतिम अधिकार खाणीच्या मॅनेजरचा असला पाहिजे, आणि तो वापरताना त्याला पर्यटन महामंडळाला किंवा वरिष्ठांना विचारण्याची गरज पडू नये. आगाऊ पैसे भरून चाळीस जण बसमधून उतरले आहेत, त्यांच्या जेवणाची सोय झाली आहे, अशा वेळी नकार देणे अवघड जाते. म्हणून सुरक्षिततेच्या कारणाने रद्द झालेल्या भेटीचे पूर्ण पैसे त्याच दिवशी परत मिळतील, असे तिकिटावरच छापलेले असावे, आणि लगतच्या ग्रामपंचायतींनी पाठवलेल्या गटांकडून तर मुळात तिकीट घेऊच नये.